पानावर शनिवार, गूगलवर रविवार

मागच्या भागात डोमेनचं नूतनीकरण विसरलं की काय होतं ते पाहिलं. आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष आहे. वेबसाईटच्या पोटात यंत्रांसाठी लिहिलेली जी माहिती असते, तिला स्ट्रक्चर्ड डेटा म्हणतात, आणि तिच्यात बिघाड झाला तर तो शोधायचा कसा, हे आज बघायचं. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, कुठल्याही गावी मराठी मंडळाची वेबसाईट सांभाळणारे तुमच्यात बरेच जण आहेत, आणि त्यातले बहुतेक माझ्यासारखे निवृत्तीनंतर शिकलेले आहेत. म्हणून हा भाग व्हिडिओवर दोनदा केला, आणि आता पुस्तकासाठी तिसऱ्यांदा नीट लिहून काढतोय.

सुरुवात एका रविवारपासून करतो. १९ नोव्हेंबर २०२३. तारीख लक्षात असेल, त्या दिवशी अहमदाबादला क्रिकेट विश्वचषकाची अंतिम लढत होती. दुपारी पाऊणच्या सुमाराला मला सभागृहाच्या चौकीदाराचा फोन आला. "कर्नल साब, एक बाबूजी आए हैं कानपुर से. कह रहे हैं प्रोग्राम है. मैंने कहा, प्रोग्राम तो कल हो गया."

मी गेलो. पायरीवर ८४ वर्षांचे एक गृहस्थ बसले होते, धोतर, कोट, हातात कापडी पिशवी. दुसऱ्या बाजीरावाबरोबर जी माणसं बिठूरला आली, त्यांच्यातलं हे घराणं. पिढ्यान्‌पिढ्या कानपुरात, तरी मराठी स्वच्छ. लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात ते पन्नासच्या दशकाच्या अखेरीस शिकले. आमचा कार्यक्रम त्याच महाविद्यालयाच्या जुन्या विद्यार्थ्यांचा होता, आणि गायला ज्या बाई पुण्याहून आल्या होत्या त्या यांच्या वर्गातल्या. चाळीस वर्षांत दोघांची भेट नव्हती. बाई रविवारी सकाळच्या विमानाने परत गेल्या होत्या.

काकांनी नातवाचा फोन काढून दाखवला. नातवाने गूगलवर शोधून स्क्रीनचा फोटो ठेवला होता. कार्यक्रमाचं नाव बरोबर, ठिकाण बरोबर, आणि खाली: रविवार, १९ नोव्हेंबर, १२:३०. त्याच्यापुढे बारीक अक्षरात रात्रीचे की दिवसाचे हे होतं. पण रात्री साडेबाराला गाणं कोण ठेवतं? त्यांनी दुपार समजली, आणि सकाळची गाडी पकडून आले.

"कर्नल साहेब, गूगल चुकतं का हो?"

मी तिथेच आमच्या वेबसाईटचं पान उघडलं. ठळक अक्षरात लिहिलं होतं: शनिवार, १८ नोव्हेंबर, सायंकाळी ७. मी त्यांना म्हटलं, बघतो. चहा पाजला, जेवायला घरी नेलं, संध्याकाळच्या गाडीत बसवून दिलं. त्या बाई पुढच्या फेब्रुवारीत गेल्या.

तर हा एक तासांचा किंवा आकड्यांचा किरकोळ घोळ नव्हता. गूगलला ती तारीख कोणी सांगितली, हे मला शोधायचं होतं. उत्तर आधीच सांगून टाकतो: आम्हीच सांगितली होती. नेमकं सांगायचं तर मी.

आता हे समजायला आधी स्ट्रक्चर्ड डेटा म्हणजे काय ते बघू, आणि त्यासाठी लखनौतच थांबू. पंडित विष्णु नारायण भातखंडे मुंबईचे, वाळकेश्वरचे, व्यवसायाने वकील. १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज सुरू झालं त्यामागे ते होते; तेच पुढे भातखंडे महाविद्यालय झालं, आणि आज राज्याचं विद्यापीठ आहे. त्यांनी बंदिशी गोळा करून छापल्या, तेव्हा नुसते शब्द छापून भागणार नव्हतं. मग त्यांनी खुणा ठरवल्या. स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल. मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र. खाली टिंब मंद्र सप्तकाचं, वर टिंब तार सप्तकाचं. समेला फुली, खालीला शून्य. गाणं ऐकणाऱ्याला या खुणांची गरज नाही, तो नुसतं ऐकतो. पण ज्याने ती बंदिश कधी ऐकलेली नाही, त्याला कागदावरून ती उभी करता यावी म्हणून या खुणा.

गूगलसुद्धा असाच आहे. त्याने आमचा कार्यक्रम पाहिलेला नाही, आमचं सभागृह पाहिलेलं नाही. "शनिवार सायंकाळी ७" हे माणूस वाचतो. यंत्रासाठी त्याच पानाच्या पोटात वेगळ्या खुणा असतात: हा कार्यक्रम आहे, हे त्याचं नाव, हे ठिकाण, ही सुरू होण्याची वेळ. या खुणांचं सामाईक बाराखडीपुस्तक म्हणजे स्कीमा डॉट ऑर्ग. २०११ च्या जूनमध्ये गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून ते काढलं, त्याच वर्षी रशियाचं यांडेक्सही आलं. ते उभं करणाऱ्यांत रामनाथन गुहा हे आपल्या आयआयटी मद्रासचे विद्यार्थी होते. त्याआधी शोधयंत्रं आपापली निरनिराळी चिन्हं मागत, आणि वेबसाईटवाल्यांचे हाल होत.

आता गंमत अशी की शब्द ठरले तरी ते लिहायच्या पद्धती तीन राहिल्या. त्यातल्या दोन आपल्या कामाच्या. पहिली मायक्रोडेटा. यात दिसणाऱ्या मजकुराच्याच आजूबाजूला खुणा लावतात. म्हणजे स्वराखाली रेघ मारावी तसं. "आयटमस्कोप" म्हणजे इथून एक वस्तू सुरू झाली, "आयटमटाइप" म्हणजे ती कोणत्या जातीची, आणि "आयटमप्रॉप" म्हणजे हा तिचा अमुक गुण. दुसरी जेसन-एलडी. यात मजकुराला हात लावत नाहीत. पानात एका कोपऱ्यात वेगळी चिठ्ठी ठेवतात, तिच्यात सगळं लिहिलेलं. माणसाला ती दिसतच नाही. गूगल आज हीच पद्धत पसंत करतं, आणि सांभाळायला तीच सोपी आहे. पण तिचा धोकाही त्यातच आहे: न दिसणारी चिठ्ठी चुकली तर कोणाच्या लक्षात येणार?

थीम फ्रेमवर्क म्हणजे काय, हे मालिकेच्या सुरुवातीला सांगितलं होतं. वर्डप्रेसवर एक मूळ थीम असते, तिला हात लावायचा नाही. आपले बदल तिच्या चाइल्ड थीममध्ये करायचे. जेनेसिस हे यातलं फार चाललेलं नाव. २०१० मध्ये स्टुडिओप्रेसने ते काढलं, २०१३ मध्ये त्याची दुसरी मोठी आवृत्ती आली तेव्हा त्यात स्कीमाच्या मायक्रोडेटा खुणा आयत्या आल्या. डोक्याचा भाग, मेन्यू, बाजूची पट्टी, लेख, लेखक, प्रकाशनाची तारीख, सगळ्यांना खुणा आपोआप. त्या काळात ही मोठीच सोय होती, कारण जेसन-एलडीला तेव्हा गूगलचा पाठिंबा नुकता येऊ घातला होता. आमची वेबसाईट कोणत्या फ्रेमवर्कवर होती ते सांगत नाही. दोष त्याचा नव्हता, आणि नाव घेतलं की उगाच त्याच्या माथी बसतो.

शोध सुरू केला तेव्हा मी पहिली चूक केली ती सगळेच करतात. तपासणीच्या साधनात पानाचा पत्ता टाकला. अशी दोन साधनं आहेत. गूगलचं रिच रिझल्ट्स टेस्ट आणि स्कीमा डॉट ऑर्गचं व्हॅलिडेटर. पूर्वी गूगलचं एकच जुनं साधन होतं. २०२० मध्ये ते बंद करायचं जाहीर झालं, लोकांनी आरडाओरडा केला, आणि २०२१ मध्ये ते स्कीमा डॉट ऑर्गकडे गेलं. दोघांत फरक आहे. व्हॅलिडेटर पानातली सगळी स्कीमा वाचून दाखवतं. गूगलचं साधन फक्त तेवढंच दाखवतं ज्याचा गूगल स्वतः शोधनिकालात उपयोग करतं. त्यामुळे एकात काही दिसतं आणि दुसऱ्यात नाही, म्हणून घाबरायचं नाही.

आमचं पान दोन्हीकडे हिरवं आलं. एकही चूक नाही. नाव आहे, ठिकाण आहे, सुरुवातीची वेळ आहे; गूगलला कार्यक्रमासाठी या तीन गोष्टी सक्तीने लागतात, त्या तिन्ही हजर. मी अर्धा तास त्या हिरव्या खुणेकडे बघत बसलो. मग डोक्यात उजेड पडला की हे साधन व्याकरण तपासतं. वाक्य शुद्ध आहे का ते सांगतं; खरं आहे का ते त्याला कसं कळणार? ते बघायला आपलेच डोळे लागतात.

म्हणून आता मी सगळ्यांना सांगतो: हिरवी खूण आली की तिथे थांबू नका. साधनातली ती नोंद उघडा, आणि प्रत्येक ओळ दिसणाऱ्या पानाशी जुळवून वाचा. तसं वाचल्यावर सुरुवातीच्या वेळेपुढे हे सापडलं: २०२३-११-१८, मग टी हे अक्षर, मग १९:००:००, आणि शेवटी अधिक ००:००. (पुस्तक पूर्ण देवनागरीत छापायचं ठरलंय म्हणून आकडे असे दिसतात. यंत्रात हे सगळं इंग्रजी आकड्यांतच असतं आणि असायला हवं. त्याची वेगळी गोष्ट पुढे येते.)

तारीख बरोबर, १९ म्हणजे संध्याकाळचे ७ हेही बरोबर. चूक होती शेपटीत. अधिक ००:०० म्हणजे ही वेळ ग्रीनिचची. ग्रीनिचला संध्याकाळचे ७ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेपाच तास पुढे, म्हणजे रात्रीचे साडेबारा, आणि तारीख पालटलेली. गूगलने इमानदारीने हिशोब केला: रविवार, १९ नोव्हेंबर, १२:३०.

मी आयुष्यभर सिग्नल्समध्ये काढली. संदेशाच्या माथ्यावर तारीख-वेळ लिहिताना ती स्थानिक की झुलू, म्हणजे ग्रीनिचची, हे न बघणाऱ्या पोरांना मी किती फैलावर घेतलं असेल त्याची गणती नाही. आमच्या कोअरचं ब्रीदवाक्यच तीव्र चौकस. आणि माझ्याच पानावर ही शेपटी दोन वर्षं लटकत होती.

दोन वर्षं का कळलं नाही? कारण आमचे बहुतेक कार्यक्रम रविवारी सकाळी साडेदहाला असतात. सकाळचे साडेदहा ग्रीनिचचे धरले तर इथले दुपारचे चार होतात; तारीख तीच राहते. आमचे सभासद व्हॉट्सॲपवरच्या निमंत्रणावर येतात, गूगलवर कोण बघतो. तारीख ओलांडणारा संध्याकाळचा कार्यक्रम आणि गूगलवर शोधणारा परगावचा माणूस, हे दोन्ही एकत्र आले तेव्हा चूक उघडी पडली.

दुरुस्ती सोपी वाटली. वर्डप्रेसच्या सामान्य सेटिंगमध्ये टाईमझोन असतो. नवीन वेबसाईट बसवली की तो ग्रीनिचवर असण्याची शक्यता फार. यादीतून कोलकाता निवडायचं. आपल्या सगळ्या देशाची वेळ तिथे त्याच नावाखाली आहे. मी निवडलं, साठवलं, पान ताजं केलं. शेपटी तशीच. अधिक ००:००.

मग कॅश रिकामी केली. तशीच. मग चाइल्ड थीममधला कोड उघडला. कार्यक्रमाची चिठ्ठी छापणाऱ्या त्या पंधरा ओळी मीच २०२१ मध्ये लिहिल्या होत्या, किंवा खरं सांगायचं तर इकडून तिकडून उचलून जोडल्या होत्या. त्यात तारखेचा मजकूर पीएचपीच्या साध्या डेट फंक्शनने छापला होता. इथे एक गोम आहे, ती समजली की निम्मी दुखणी कळतात. वर्डप्रेस सुरू होताना पीएचपीचं घड्याळ मुद्दाम ग्रीनिचवर लावून ठेवतं. तुम्ही सेटिंगमध्ये कोलकाता निवडा नाहीतर टोकियो. साधं डेट फंक्शन ग्रीनिचचंच बोलणार. सेटिंगमधला टाईमझोन फक्त वर्डप्रेसची स्वतःची फंक्शनं मानतात.

मग मी साध्या डेटच्या जागी वर्डप्रेसचं डब्ल्यूपी-डेट घातलं. २०१९ च्या अखेरीस आलेल्या ५.३ आवृत्तीपासून ते आहे. पान ताजं केलं, आणि आता चिठ्ठीत आलं: २०२३-११-१९, ००:३०, अधिक ०५:३०. शेपटी दुरुस्त झाली आणि तारीखच बिघडली! आधी निदान १८ तरी लिहिलेलं होतं.

इथे मी त्या रात्री कॉम्प्युटर बंद करून झोपलो. सकाळी कागदावर मांडलं तेव्हा कळलं. काम दोन टप्प्यांत होत होतं. पहिल्या टप्प्यात "१८ नोव्हेंबर १९:००" हा मजकूर वाचून त्याचा एक क्षण ठरतो. दुसऱ्या टप्प्यात तो क्षण परत लिहून छापला जातो. मी छपाई दुरुस्त केली होती, पण वाचन अजून ग्रीनिचच्या घड्याळानेच होत होतं. म्हणजे क्षण चुकीचाच ठरत होता, फक्त आता तो इथल्या वेळेत शुद्धपणे छापला जात होता. उपाय वाचतानाच करायचा. तारखेची वस्तू बनवतानाच तिला डब्ल्यूपी-टाईमझोन या फंक्शनमधून आपला टाईमझोन द्यायचा, म्हणजे "हे ७ लखनौचे ७" असं तिला सुरुवातीलाच कळतं. मग छापताना काही वेगळं करावं लागत नाही. तसं केलं आणि १८ तारीख, १९:००, अधिक ०५:३० असं स्वच्छ आलं. कार्यक्रम होऊन गेला होता, पण तपासायला पान तेच घेतलं होतं.

याला जोडून एक सांगतो. कार्यक्रमाची वेळ अजून ठरलेली नसेल तर चिठ्ठीत नुसती तारीख लिहा. बऱ्याच ठिकाणी लोक वेळेच्या जागी ००:०० भरतात. त्याचा अर्थ मध्यरात्री सुरू होणार असाच होतो.

हे झालं, आणि मला वाटलं सुटलो. पण व्हॅलिडेटरमध्ये त्याच पानावर कार्यक्रमाच्या नोंदी दोन दिसत होत्या. एक माझ्या चिठ्ठीची. दुसरी आमच्या एका तरुण सभासदाने नंतर बसवलेल्या कॅलेंडर प्लगइनची, तिच्यात संपण्याची वेळ वेगळी. शिवाय फ्रेमवर्क स्वतः त्या मजकुराला साधा लेख म्हणत होतं, आणि एसइओचं प्लगइन आपली आणखी एक चिठ्ठी जोडत होतं. एका पानावर चार लेखनिक.

इथे पुन्हा भातखंड्यांकडे येतो, कारण याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. त्यांच्याच काळात पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी, ज्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वतःची वेगळी स्वरलिपी केली. भातखंड्यांच्या लिपीत स्वराच्या डोक्यावर टिंब असलं तर तो तार सप्तकाचा. पलुस्करांच्या लिपीत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र. उभी रेघ एकाकडे तीव्र मध्यमाची, दुसऱ्याकडे तार सप्तकाची. दोन्ही पद्धती आपापल्या जागी निर्दोष आहेत, दोन्हींनी गाणारे तयार केले. पण एकाच कागदावर अर्ध्या खुणा या आणि अर्ध्या त्या मारल्या तर गाणारा कोणता सा लावेल?

पानावर दोन प्रकारच्या नोंदी असणं ही स्वतःमध्ये चूक नाही, हे लक्षात ठेवा. डोक्याचा भाग, मेन्यू यांच्या मायक्रोडेटा खुणा कोणाच्या वाटेत येत नाहीत. बिघाड होतो तो एकाच वस्तूबद्दल दोघे दोन निरनिराळी विधानं करतात तेव्हा. म्हणून प्रत्येक गोष्टीचा लेखनिक एकच ठरवा. आम्ही ठरवलं: कार्यक्रमाची नोंद कॅलेंडर प्लगइनने करायची, लेखाची एसइओ प्लगइनने, फ्रेमवर्कने गप्प बसायचं. माझ्या पंधरा ओळी, एवढा जागून दुरुस्त केलेला कोड, मीच काढून टाकला. जरा जिवावर आलं.

फ्रेमवर्कला गप्प कसं बसवायचं? चुकीची रीत अशी की एकेक आयटमप्रॉप शोधून काढत बसायचं. मायक्रोडेटात प्रत्येक गुण आपल्याला वेढणाऱ्या सगळ्यात जवळच्या आयटमस्कोपला चिकटतो. आपण मधला आयटमस्कोप काढला आणि आतला गुण राहिला, तर तो पोरका गुण वर जाऊन भलत्याच वस्तूला चिकटतो. लेखकाचं नाव लेखाचं नाव होऊन बसतं. एका ओळखीच्या संस्थेच्या पानावर बाजूच्या पट्टीतला जाहिरातीचा मथळा असाच मुख्य लेखाला जाऊन लागला होता. म्हणून मूळ नळ बंद करावा. जेनेसिसमध्ये सगळा मायक्रोडेटा एका फिल्टरने बंद करता येतो, त्याचं नावच "जेनेसिस डिसेबल मायक्रोडेटा" आहे. चाइल्ड थीममध्ये एक ओळ. इतर फ्रेमवर्कांतही असा खटका बहुधा असतो, कागदपत्रांत शोधा.

जुन्या वेबसाईटवाल्यांसाठी एक गोष्ट. काही थीममध्ये वरची "मुखपृष्ठ, मग कार्यक्रम" अशी जी वाट असते, तिच्या खुणा डेटा-व्होकॅब्युलरी नावाच्या जुन्या बाराखडीतल्या होत्या. २०२० च्या जानेवारीत गूगलने ती सोडत असल्याचं जाहीर केलं आणि पुष्कळांना इशाऱ्याची ईमेलं आली. तुमची थीम तेव्हापासून अद्ययावत केलेली नसेल तर आधी ती करा. बाकी शोधाशोध नंतर.

आता आपल्या मराठीची दुखणी. ही इंग्रजी मार्गदर्शनात सापडणार नाहीत, म्हणून जरा सविस्तर.

कॅलेंडर प्लगइनमध्ये आमच्या चिटणीस ताईंनी तारीख भरली ती मराठी कळफलकावरून, देवनागरी आकड्यांत. पानावर ती सुंदर दिसली. चिठ्ठीत मात्र यंत्राला देवनागरी दोन आणि शून्य हे आकडे म्हणून कळत नाहीत. व्हॅलिडेटरने तारखेचं स्वरूप अवैध म्हणून लाल केलं. तीच गोष्ट महिन्याची. वेबसाईटची भाषा मराठी ठेवली की वर्डप्रेस महिन्याचं नाव मराठीत छापतं, आणि कोणी थीममध्ये चिठ्ठीसाठीही तेच वाचायचं स्वरूप वापरलं असेल तर तिथे "नोव्हेंबर १८" असं जातं. चिठ्ठीतली तारीख नेहमी वर्ष, महिना, दिवस अशा इंग्रजी आकड्यांत. माणसांसाठीची तारीख पानावर हवी तशी.

दुसरं, अवतरणचिन्हं. जेसनला सरळ, उभी, दुहेरी अवतरणं लागतात. चिठ्ठी कोणी लेखाच्या मजकुरातच चिकटवली, किंवा मोबाईलवर टाईप केली, तर ती वळणदार होतात. वर्डप्रेस स्वतःही छापताना सरळ चिन्हं वळणदार करतं. डोळ्याला फरक कळत नाही, पण यंत्र म्हणतं कंस नाही, स्वल्पविराम नाही, आणि आपण बिचारे स्वल्पविराम मोजत बसतो. चिठ्ठी मजकुरात कधी टाकू नका. तिची जागा थीममध्ये किंवा प्लगइनमध्ये.

तिसरी तक्रार ताईंचीच. त्यांनी पानाचा सोर्स उघडला आणि घाबरून फोन केला, "आपलं लखनौ नाहीसं झालं!" तिथे प्रत्येक अक्षराच्या जागी तिरपी रेघ, यू, आणि चार आकडे होते, ल साठी ०९३२, ख साठी ०९१६, असं. हे ठीक आहे. पीएचपी जेसन बनवताना देवनागरी अक्षरांचे युनिकोड क्रमांक लिहितं, आणि गूगल ते बरोबर वाचतं. पण त्या क्रमांकांपुढची तिरपी रेघ नसेल, नुसतेच यू आणि आकडे असतील, तर मात्र खरंच बिघाड आहे. तयार चिठ्ठी डेटाबेसमध्ये साठवताना वर्डप्रेस त्या तिरप्या रेघा गाळून टाकतं, आणि मग गूगलला लखनौऐवजी अक्षरांचा कचरा मिळतो. उपाय म्हणजे चिठ्ठी साठवायचीच नाही. माहिती साठवायची आणि चिठ्ठी दर वेळी ताजी बनवायची.

दुरुस्तीनंतर गूगलवर लगेच बदल दिसत नाही. सर्च कन्सोलमध्ये त्या पानाचा पत्ता टाकून पुन्हा तपासणीची विनंती करता येते. तरी काही दिवस जाऊ शकतात. म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी चूक सापडली तर दुरुस्ती करा आणि फोनही करा.

एक वैतागही नोंदवतो. "स्कीमा पॅकेज घ्या, गूगलवर पहिले या" असे फोन मला आठवड्याला दोन येतात. मार्कअप भरपूर लावलं म्हणून पान वर चढत नाही. गूगल काय दाखवायचं तेही बदलत असतं: २०२३ च्या ऑगस्टमध्ये प्रश्नोत्तरांचे ते लांबलचक निकाल बहुतेक वेबसाईटसाठी त्यांनी बंद केले, आणि ज्यांनी प्रत्येक पानाला खोटी प्रश्नोत्तरं चिकटवली होती त्यांचे पैसे बुडाले. शिवाय पानावर जे दिसत नाही ते चिठ्ठीत लिहिणं गूगलच्या नियमांत बसत नाही. मंडळासाठी कार्यक्रम, संस्थेचं नाव-पत्ता आणि लेख, एवढं पुरेसं आहे.

आमच्याकडे आता पद्धत अशी आहे. कार्यक्रम जाहीर करायच्या आदल्या रात्री मी फोनवर व्हॅलिडेटरमधली नोंद वाचतो आणि ताई समोर छापील निमंत्रण धरून बसतात. नाव. ठिकाण. पिनकोड. तारीख. वेळ. मग मी म्हणतो, "अधिक शून्य पाच तीस," आणि ताई म्हणतात, "हां." त्यानंतर पान प्रसिद्ध होतं, आणि मी कानपूरला काकांना फोन लावून तारीख तोंडी सांगतो. ते आता ८६ वर्षांचे आहेत. मागच्या वेळी त्यांनी विचारलं, "वेळ लखनौचीच ना?"

पुढच्या भागात कॅश. नमस्कार.